परभणी कृषि विद्यापीठातील अध्यापन व संशोधन

परभणी येथील मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. अध्यापन, संशोधन व विस्तार-शिक्षण ही त्याची तीन प्रमुख कार्ये असल्याने येथील अध्यापक हा प्रायः संशोधकही असतो. कृषिविद्या, आनुवंशिकी व वनस्पतिप्रजनन, मृदाविज्ञान, कीटकविज्ञान, वनस्पतिरोगविज्ञान इ. शाखांपैकी एखाद्या शाखेत त्याचे पदव्युत्तर शिक्षण झालेले असते. संशोधनाचा विषय मात्र बहुधा शेतातील अडचणीवरून ठरतो.

भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण याचे उत्तम उदाहरण होय. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या ‘केवडा’ या विषाणुजन्य रोगाने भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात व उत्पन्न घटते. या रोगाची प्रतिकारक्षमता भेंडीच्या सजातीय जातींत एकाच प्रभावी जनुकाने नियंत्रित होते, असे एन्. डी. जांभळे व वाय्. एस्. नेरकर यांनी १९८१ मध्ये दाखविले. ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या जातीतील हा गुण त्यांनी ‘पुसा सावनी’ या रोगास बळी पडणाऱ्या वाणात संकर व निवड पद्धतीने आणला. पुढे अनेक ठिकाणी ही प्रतिकारक्षमता टिकली नाही. त्यामुळे प्रतिकारक वाणांचा शोध चालूच ठेवावा लागतो.

ज्वारी हे या प्रदेशाचे मुख्य अन्न. लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. रोगनिवारणाबरोबर पोषणमूल्याकडेही संशोधकांचे लक्ष वळल्याचे त्यावरून दिसते.