नव्या कणसाचा मान

श्रावण सरत येतो तसतशी गोव्याच्या गावागावांतून एक निराळीच लगबग सुरू होते. घरांच्या भिंतींना रंग लागतो, मुंबई-पुण्यास गेलेली माणसे रजेची जुळवाजुळव करू लागतात आणि म्हापसा, फोंडा, मडगाव येथील बाजारांत सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील बायाबापड्या रानांतून माटोळीचे सामान घेऊन उतरतात. याच सुमारास, चवथीच्या अगोदर कधी दोन-तीन आठवडे तर कधी त्याहूनही अधिक, ५ ऑगस्ट रोजी साष्टीतील राय या गावी चर्चचा पाद्री गावकऱ्यांसह शेतावर जातो, उभ्या भाताला आशीर्वाद देतो, पहिली कणसे विळ्याने कापली जातात आणि वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन मग घरोघरी वाटली जातात. पुढे चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीस, हिंदू घरातील कर्ता पुरुषही शेतावर जातो, नवी कणसे कापून आणतो, गणपतीपुढे ठेवून पूजतो आणि दाराच्या चौकटीस बांधतो. एकाच्या घरी त्यास ‘नवें’ म्हणतात, दुसऱ्याच्या घरी ‘कणसांचे फेस्त’. शेत मात्र पुष्कळदा एकच असते. बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, एवढाच काय तो भेद.

गोव्याच्या सणांविषयी लिहिताना ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द वापरण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तो शब्द अमान्य नाही. परंतु भाषणांतून झिजून झिजून तो इतका गुळगुळीत झाला आहे की त्याने काहीच हाती लागत नाही. येथील माणसे एकमेकांच्या सणांत मिसळतात ती कोणत्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. त्यांचा पाऊस एक, पीक एक आणि गावकीही एक, म्हणून मिसळतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढील मैदानात पोरेटोरे आणि थोर चिखलात लोळून चिखलकाला खेळतात. त्याच पावसात, २४ जून रोजी, डोक्यावर पानाफुलांची कोपेल घातलेले ख्रिस्ती तरुण भरल्या विहिरींत उड्या घेतात आणि नव्या जावयाची सासरवाडीत सरबराई होते. शिवोलीस त्या दिवशी सजवलेल्या होड्या निघतात. जावयाचे कौतुक आणि भरलेल्या विहिरीचा आनंद या दोन गोष्टी कोणत्या धर्मग्रंथातून आल्या, असे विचारणाऱ्यास कोकणातील पावसाळा ठाऊक नाही, एवढेच आम्ही म्हणू.

वास्कोस श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दामोदराचा भजनी सप्ताह बसतो. साथीच्या भयातून सुरू झालेला हा सप्ताह शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. देवळात चोवीस तास टाळ अखंड वाजत राहतात. बाहेर रस्त्याच्या दोहो अंगांना जी जत्रा भरते तीत बंदरातील कामगार, खारवी, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे गाव लोटते. फोंड्यास इ. स. १५६० मध्ये आदिलशाहाने बांधलेली साफा मशीद अजून उभी आहे आणि ईदच्या नमाजासाठी तिथे जमणाऱ्यांचा शेजार देवळांच्या पालख्यांशीच आहे. म्हापशास ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त होते तेव्हा तेल वाहावयास हिंदू भाविकांची रांग लागते. कारण लोकांच्या मनातील वंशावळ अशी की सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण. सात बहिणींतील एक चर्चमध्ये गेली, एवढ्याने नाते तुटत नाही. इतिहासकारांनी यावर काय वाटेल ते लिहावे. ज्या बाईने बहिणीसाठी तेलाची बाटली नेली तिला त्याची वाचा फुटत नाही आणि गरजही वाटत नाही.

परंतु हे सर्व आपोआप, गोडीगुलाबीने घडून आले असे जे चित्र पर्यटनखात्याच्या पत्रकांतून दाखवले जाते, ते आम्हांस खरे वाटत नाही. फोंडा महालात आज ज्या पालख्या निघतात त्यांपैकी कित्येक देव निर्वासित आहेत. मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात देवळे पाडली जात असताना भक्तांनी हे देव रातोरात नदीपार आणले. पुढे इन्क्विझिशनने १७३६ साली जो हुकूम काढला त्यात बाटलेल्या लोकांनी दारात तुळस लावू नये, मिठावाचून भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये, असे फर्मावले होते. एखाद्या धर्मपीठाला अळणी भाताचे भय वाटावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देव पुसता येतो, परंतु चुलीवरची आणि शेतावरची रीत पुसता येत नाही, हे त्या न्यायाधीशांना पुरते कळले होते. रायचे कणसांचे फेस्त हे जुन्या नवान्नाचेच रूप मानले जाते, ते याच अर्थाने.

कुंकळ्ळीचे उदाहरण या बाबतीत आम्हांस सर्वांत बोलके वाटते. जुलै १५८३ मध्ये तेथील गावकऱ्यांनी धर्मांतरासाठी आलेल्या पाच जेझुइटांसह इतरांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढले. देवी कुंकळ्ळीहून फातर्प्यास गेली. गावातील बारा वांगडांपैकी अनेकांची घरे कालांतराने ख्रिस्ती झाली. सूडाची एवढी सामग्री असलेले गाव दुसरे क्वचित सापडेल. तरीही दर फाल्गुनात, शुद्ध पंचमीस, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते तेव्हा तिच्यापुढे बारा वांगडांच्या बारा सत्र्या नाचतात, गुलालाने रस्ता लाल होतो आणि त्या मिरवणुकीत ख्रिस्ती गावकरही आपला मान राखून असतात. ‘मान’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कोणी कोणाला सहिष्णुतेने सामावून घेतलेले नाही. ज्याचा जो हक्क गावकीने नेमून दिला तो धर्म बदलल्यावरही त्याच्याकडे राहिला. चांदर येथे कार्निव्हालच्या दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती पुरुष मुसळे आपटीत जो मुसळखेळ खेळतात आणि विजयनगरच्या हरिहराचे नाव घेतात, त्याचेही मूळ याच गावकीत आहे.

आता दुसरी बाजू. गावकीचा हा उत्सव मांडावर होत असे. मांड म्हणजे गावाने ठरवलेली जागा. तिथे शिगम्याचे नमन होई, गोफ विणला जाई, तालगडी नाचत, आणि पाहणारा व नाचणारा हे दोन वेगळे नसत. १९६५ मध्ये पणजीत कार्निव्हालच्या चित्ररथांची पहिली मोठी मिरवणूक निघाली. किंग मोमो गादीवर बसला. पुढे शिगम्याच्याही तशाच मिरवणुका शहराशहरांतून निघू लागल्या. त्यांत कष्ट आहेत, कला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कित्येक गावांच्या घोडेमोडणीला त्यामुळे नवे पोशाख मिळाले. परंतु बक्षिसाच्या आशेने मध्यरात्रीपर्यंत परीक्षकांपुढे नाचणारे पथक दुसऱ्या दिवशी आपल्या मांडावर थकून झोपलेले असते, हेही कोणी तरी सांगावयास हवे. दिवाळीच्या आदल्या रात्रीची कथा याहून खेदाची. पहाटे कारीट फोडून, अभ्यंगस्नान करून नव्या भाताच्या पोह्यांचे पाच प्रकार खावेत, हा कृष्णाच्या विजयाचा उत्सव. त्यात नरकासुराचाच इतका गाजावाजा होतो की कृष्ण कुठे आहे ते शोधावे लागते. रात्रभर चाललेल्या ध्वनिक्षेपकांनी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले हैराण होतात आणि पहाटे पोहे करावयास जागे राहते ते फक्त आईचे अवसान.

गर्दीचाही विचार करावा लागेल. ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावी लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अग्निदिव्यासाठी उपवास करून आलेल्या धोंडांचा तो गाव. जत्रा मुळात गावाच्या आणि पंचक्रोशीच्या मापाची होती. उतारावरच्या अरुंद वाटा तेवढ्याच राहिल्या आणि माणसे मात्र दरवर्षी वाढत गेली. देवस्थान, पंचायत आणि पोलीस यांनी परस्परांकडे बोट दाखवण्यापेक्षा पुढच्या जत्रेच्या वाटा आधी मोजाव्यात.

माटोळीच्या स्पर्धेबद्दल मात्र आम्ही वेगळे मत देऊ. सरकारच्या कला व संस्कृती खात्याने ती सुरू केली तेव्हा आम्हीही नाक मुरडले असते. परंतु त्या निमित्ताने मुले आजोबांसह रानात जाऊ लागली आणि कवंडळ कोणते, तोरिंजन कोणते, आंबाडा कोणत्या झाडास लागतो, हे पुन्हा शिकू लागली. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड आणि निरफणस यांच्यामध्ये ही रानफळे टांगली की गणपतीच्या डोक्यावर त्या वर्षीचे सारे रान उभे राहते. ज्या स्पर्धेसाठी व्यासपीठ लागत नाही, रान लागते, तिचे स्वागतच करावयास हवे.

आणि येथेच आमची खरी चिंता आहे. माटोळीला रान लागते तसे नव्याला शेत लागते. खाजन शेतीचे बांध आणि मानशी यांची देखभाल पूर्वी गावकी करीत असे. पोर्तुगीज काळात त्याच संस्थेचे नाव कोमुनिदाद झाले आणि शेवटी हातात उरला तो नामधारी कारभार. बांध फुटला की खारे पाणी शिरते, दोन हंगाम शेत पडीक राहते आणि तिसऱ्या वर्षी त्यावर भराव पडतो. २०२३ साली विधानसभेने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगलेच झाले. परंतु त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम घालून एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट उघडली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द केले. एका हाताने कुंपण घालावयाचे आणि दुसऱ्या हाताने फाटक उघडावयाचे, असा हा कारभार.

ताळगावच्या कणसांच्या फेस्ताची ख्याती मोठी. तेथील गावकर २१ ऑगस्टच्या सणानंतर नव्या कणसांची पेंडी गव्हर्नरास नेऊन देत, एवढा त्या शेताचा मान. आज पणजीच्या इमारती त्या शेतांच्या काठाशी येऊन उभ्या आहेत. कणसे अजून कापली जातात, परंतु किती वर्षे, हा प्रश्न तेथील ख्रिस्ती शेतकऱ्याला जसा पडतो तसाच बार्देशातील किंवा तिसवाडीतील हिंदू शेतकऱ्यालाही पडला आहे. शहरातील घरांत पंचमीस लागणारी कणसे बाजारातून पेंडी विकत घेऊन आणली जातात. पूजा त्यानेही होते. ती पेंडी कोठल्या शेतातून आली, हे मात्र पूजा करणाऱ्यास माहीत नसते.

आमची सूचना साधी आहे. दिवाडीत बोंदेराच्या दिवशी वाड्यावाड्यांच्या सीमांवरून झालेल्या जुन्या तंट्यांची आठवण म्हणून निशाणे मिरवतात. सीमेसाठी भांडण्याची ती परंपरा गावांनी चांगल्या कामी लावावी. प्रत्येक पंचायतीच्या ग्रामसभेने ठराव करून, ज्या शेतातून चर्चची पहिली कणसे कापली जातात आणि ज्या शेतातून देवळाचे नवे आणले जाते, त्या शेतांचे सर्व्हे क्रमांक नोंदवावेत, त्यांचा विभाग कधीही बदलू नये असे नगरनियोजन खात्यास कळवावे, आणि त्या ठरावाची प्रत पाद्री आणि देवळाचे महाजन अशा दोघांच्याही सह्यांनी पाठवावी. चवथीच्या आधीची ग्रामसभा यासाठी पुरेशी आहे. क्रमांक शोधावयास तलाठी लागेल. शेत दाखवावयास गावातील कोणतीही म्हातारी पुरे.