हिवाळ्यात झिजणाऱ्या विटांच्या भिंती

ब्रिटनमधील बागांच्या जुन्या कुंपणभिंतींची हिवाळ्यात जी झीज होते, तिचे मूळ निव्वळ थंडीत नसून विटांत मुरलेल्या पाण्यात असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, आणि वीट पुरती भिजलेली असेल, तर तिच्या सूक्ष्म छिद्रांत या प्रसरणाला जागा उरत नाही. गोठण्या-वितळण्याचे हे चक्र वारंवार चालले, की विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटू लागतो.

अनेकदा पूर्वीची दुरुस्तीच या हानीला हातभार लावते. मऊ विटांच्या जुन्या बांधकामातील दरजा, म्हणजे विटांमधील सांधे, चुन्याने भरलेल्या असत व भिंतीतील ओल त्यांतून बाहेर पडे. तेथे कठीण सिमेंट भरल्यास ती वाट बंद होऊन ओल विटेतच साठते. म्हणून विटांच्या कडा न दुखावता सिमेंट काढावे, दरज तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करून चुन्याने भरावी, आणि निकामी विटेच्या जागी त्याच मापाची, गोठण्याला टिकणारी वीट बसवावी. ताजा चुनाही गोठल्यास बिघडत असल्याने हे काम कडाक्याच्या थंडीत करू नये.

यापुढील रक्षणासाठी भिंतीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेले दगडी आच्छादन घालून त्याच्या खालच्या अंगाला खाच ठेवावी, जेणेकरून पावसाचे पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेरच ठिबकेल. तसेच पायथ्याशी चढलेली माती दूर करावी. ओल कोंडून ठेवणारे जलरोधक लेप मात्र टाळलेलेच बरे.