टांगता दिवा : भिंतीवांचून दालनें

पुणें-नगर रस्त्यावर सुपा येथें औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणीं बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबाची बैठक, भोजन व मुलांचा अभ्यास बहुधा एकाच मोठ्या खोलींत चालतो. भिंत घालावी तर वारा अडतो; न घालावी तर विद्यार्थ्याचें चित्त गप्पांकडे धांवतें. हा पेंच टांगत्या दिव्यानें पुष्कळसा सुटतो.

ही युक्ति नवी नव्हे. जुन्या वाड्यांत देवापुढें पितळी लामणदिवा सांखळीनें टांगीत. त्याच्या प्रकाशाची मर्यादा हीच देवघराची मर्यादा भासे. दिवाणखान्यांतील हंड्या-झुंबरें बैठकीचें स्थान निश्चित करीत.

यांतील शास्त्र सोपें आहे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालें कीं पृष्ठभागावरील उजेड चौथाईवर येतो. म्हणून छतालगतचा दिवा साऱ्या खोलीभर उजेड पसरतो. खालीं आणलेला छत्रीचा दिवा मेजापुरतेंच तेजाचें वर्तुळ आंखतो.

जेवणाच्या मेजापासून दिव्याची खालची कड सुमारें ३० इंच उंच असावी; म्हणजे समोरच्याचें मुख झांकत नाहीं. डोळे दिपूं नयेत म्हणून छत्री खोल असावी. जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा ७ फुटांखालीं नसावा. पंख्याच्या पात्यांवर दिवा टांगूं नये. उजेड सारखा लुकलुकतो. प्रत्येक दिव्यास स्वतंत्र बटन असावें.

दिव्यानें आवाज अडत नाहीं, हें खरें. परंतु आपल्या वर्तुळांत बसलेल्या मुलाची नजर पुस्तकावर ठरते, आणि तें पाहून वडीलधाऱ्यांचा स्वरही आपोआप उतरतो.