जुन्या कपाटाला नवा पोशाख

ओट्याखालच्या कपाटाचा सनमायका कडेने उचलला जातो, कोपरा तुटतो, रंग विटतो आणि घरात चर्चा सुरू होते, की आता सगळे फर्निचर बदलावे. परंतु वरचे आवरण जीर्ण झाले म्हणजे आतील लाकूडही जीर्ण झाले, असे नव्हे. प्लायवूड धडधाकट असेल, तर केवळ आवरण बदलून तेच कपाट पुढे अनेक वर्षे सेवा देऊ शकते.

‘सनमायका’ हे मुळात एका उत्पादनाचे नाव. आपल्या घरांत ते साऱ्या लॅमिनेटचेच नाव होऊन बसले. राळेत भिजवलेल्या कागदांचे थर, त्यांवर नक्षीचा कागद, असे सारे उष्णता व दाबाखाली एकजीव करून हा पत्रा तयार होतो. दर्शनी बाजूसाठी तो बहुधा १ मिलिमीटर जाडीचा आणि ८ बाय ४ फुटांचा मिळतो.

आवरण काढण्यापूर्वी प्लायवूडची परीक्षा करावी. बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो का, पेचकसाचे टोक सहज आत रुतते का, बारीक छिद्रांतून भुसा गळतो का, हे पाहावे. सिंकखालची फळी आणि दारांच्या खालच्या कडा विशेष तपासाव्यात. कुजलेल्या फळीवर नवा सनमायका चढवणे म्हणजे दोष झाकणे होय. डब्यांच्या भाराने ती फळी पुढे खचल्यावाचून राहत नाही. असा भाग कापून तेथे नवा तुकडा बसवावा, अथवा फळीच बदलावी.

दारे उतरवताना प्रत्येकाच्या आतील बाजूस क्रमांक लिहून ठेवावा. जुना पत्रा ओढून काढू नये, कारण त्याबरोबर प्लायवूडचा वरचा थरही निघून येतो. कडेपासून थोडी थोडी ऊब देत, पातळ पट्टी आडवी सरकवत तो हळूहळू सोडवावा. उष्णतेने जुना गोंद मऊ होतो. मात्र वाफ व धूर यांसाठी खिडक्या उघड्या हव्यात. उरलेला गोंद खरवडून पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासावा व खड्डे भरून घ्यावेत.

जुन्या पत्र्यावरच नवा चिकटवावा का, हा प्रश्न हमखास येतो. पांढरा गोंद आपले पाणी लाकडाला देऊन सुकतो; गुळगुळीत सनमायका पाणी शोषत नाही, म्हणून तेथे तो धरत नाही. जुना पत्रा सर्वत्र पक्का असेल, तर तो खरखरीत करून रबराच्या गोंदाने काम होते; मात्र जाडी वाढते आणि दारे एकमेकांना घासू शकतात. या गोंदाची वाफ पेट घेते. म्हणून ओट्याजवळ काम चालू असताना गॅस, निरांजन, उदबत्ती, काहीही पेटते ठेवू नये. घाईतल्या एका चहासाठीही हा नियम मोडू नये.

नवा पत्रा दारापेक्षा थोडा मोठा कापावा. पांढरा गोंद एकसारखा पसरून पत्रा मधून कडांकडे दाबत न्यावा, म्हणजे हवा अडकत नाही. सपाट फळीखाली वजन ठेवून रात्रभर राहू द्यावा. नंतर जादा कड कापून कानशीने साफ करावी. आतील बाजूसही पातळ पत्रा असणे आवश्यक आहे. एकच बाजू झाकली, तर पावसाळ्यात दुसरी बाजू दमट हवा शोषून फुगते आणि दाराला बाक येतो. उघड्या कडांना पट्टी लावली, की पाण्याची वाट बंद होते.

शेवटी क्रमांक पाहून दारे पूर्वीच्याच जागी बसवावीत. बिजागऱ्यांच्या जुन्या खुणा त्यांना नेमक्या जुळतात. सुताराची मजुरी आणि पत्र्याचा खर्च होतोच. पण धडधाकट लाकूड भंगारात जात नाही, आणि घराच्या सवयीचे कपाट आपल्या जागी राहते.