टेंभुर्णीचे शिवार



पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मोठा महामार्ग तुम्ही नकाशात पाहिला असेल. या रस्त्याने इंदापूर मागे टाकले की भीमा नदीचा पूल लागतो. पुलाजवळूनच उजनी धरणाची लांबलचक भिंत दिसते. पुढे थोड्याच वेळात टेंभुर्णी येते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव आहे. येथून पंढरपूर, कुर्डुवाडी आणि अकलूजकडे रस्ते फुटतात. प्रवासी येथे चहा पितात, एस. टी. बदलतात आणि निघून जातात. पण गाव म्हणजे काही फक्त बसस्थानक नव्हे. गावाभोवतीची जमीन आणि पाणी समजल्याशिवाय गाव समजत नाही. चला तर, आज आपण टेंभुर्णीच्या शिवारात फेरफटका मारू.

आधी नावाकडे पाहू. टेंभुर्णी हे एका झाडाचे नाव आहे. उर्दूत आणि हिंदीत तुम्ही त्याला तेंदू म्हणता. त्याची पिवळसर फळे गोड लागतात आणि पाने विड्या वळण्यासाठी वापरतात. सोलापूर शहरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात, हे तुम्ही ऐकले असेल. आपल्याकडे झाडांवरून गावांना नावे देण्याची रीत जुनी आहे. याच तालुक्यातील पिंपळनेर आणि चिंचगाव ही नावे पाहा. त्यांत कोणती झाडे दडली आहेत, ते तुम्हीच ओळखा.

आता जमीन पाहू. माढा तालुक्याच्या पश्चिमेला भीमा आणि पूर्वेला सीना या नद्या आहेत. त्यांच्या मधल्या भागात सह्याद्रीसारखे उंच डोंगर नाहीत. कुर्डुवाडीजवळच्या चिंचगावच्या टेकडीसारखी एखादी उंच जागा सोडली, तर जमीन लाटांप्रमाणे हळूहळू चढते आणि उतरते. चढावर मुरमाड माळ असतो. तेथे मातीचा थर पातळ असल्यामुळे गवत, बाभळी आणि बोरी एवढेच वाढते. मेंढपाळ आपली मेंढरे तेथे चारतात. उतारावरून वाहून आलेली माती सखल भागात आणि नदीकाठी साठते. ती काळी, भारी जमीन. पावसाचे पाणी ती बरेच दिवस धरून ठेवते.

या जमिनीसाठी मराठीत दोन शब्द आहेत : जिराईत आणि बागाईत. हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतील जिराअत म्हणजे शेती आणि बाग म्हणजे बगीचा. जी शेती केवळ पावसावर अवलंबून असते ती जिराईत आणि जिला विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी मिळते ती बागाईत. खरीप आणि रब्बी हे शब्दही असेच अरबीतून आले. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्यावरून हंगामांना ही नावे पडली. हंगाम हा शब्दही फारसीतलाच!

टेंभुर्णीचे शिवार पूर्वी बहुतांशी जिराईत होते. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला पश्चिमेकडे पाहावे लागेल. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तेथेच भरपूर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत ढगांत फारसे पाणी उरत नाही. म्हणून सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. येथील शेतकरी पावसाळ्याच्या शेवटी काळ्या रानात ज्वारी पेरीत. जमिनीतील ओलाव्यावर आणि थंडीवर ती पिकते. मालदांडी ज्वारीची भाकरी माणसांना आणि कडबा जनावरांना, असा हा संसार होता. पाऊस हुकला की दोघांचेही हाल होत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्या आठवणी वडीलधाऱ्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतात.

मात्र भीमेची गोष्ट वेगळी आहे. तिचा उगम सह्याद्रीत भीमाशंकरला होतो. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांचे पाणी घेऊन ती येथे येते. म्हणजे पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी माळाच्या शेजारून वाहून जाते! हे पाणी अडवण्यासाठी १९६६ साली उजनी धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. धरणाची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात. धरणातून डावा आणि उजवा असे दोन मुख्य कालवे निघाले. एका बोगद्यातून भीमेचे पाणी सीना नदीतही सोडतात.

पाणी आले आणि शिवाराचा रंग पालटला. ज्वारीच्या जागी ऊस आला. केळी आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. आज सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. थंडी पडू लागली की बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात आणि फडाशेजारी त्यांच्या खोपी उभ्या राहतात. त्यांच्यासोबत तुमच्या वयाची मुलेही असतात. त्यांतील काहींची शाळा गावाकडेच सुटलेली असते.

या हिरवळीची किंमत कोणी दिली? धरणाच्या वरच्या बाजूची कित्येक गावे पाण्याखाली गेली. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील लोकांनी घरे, शेते, मशिदी, मंदिरे आणि कबरस्ताने मागे सोडली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर एरव्ही पाण्यात असते. पाणी फार आटले की ते वर दिसू लागते. जलाशयामुळे समोरासमोरची गावे एकमेकांना दूर झाली. लोक होडीने ये-जा करू लागले. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला.

असे दुःख आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात डोंगरांच्या कुशीत मार्डेल नावाचे लहानसे खेडे होते. तेथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. मँचेस्टर शहराला पाणी हवे होते, म्हणून १९३० च्या दशकात तेथे धरण बांधले आणि हे खेडे बुडाले. कडक उन्हाळ्यात त्याच्या दगडी भिंती अजून वर दिसतात. पळसदेव आणि मार्डेल यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे, पण दोन्हींची कहाणी एकच आहे.

आता थोडे गणित करू. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३१ कोटी लिटर. यांतील सुमारे ५४ टीएमसी पाणी उपयुक्त साठ्याचे आणि ६३ टीएमसी मृत साठ्याचे. मृत साठा म्हणजे तळाचे पाणी. ते नेहमीच्या वापरासाठी धरलेले नसते. उपयुक्त साठा संपला की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. म्हणजे मृत साठ्यातीलही निम्मे पाणी संपले होते!

या एका धरणावर किती जणांची भिस्त आहे, ते पाहा. ऊस, केळी, साखर कारखाने आणि सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी, सर्व काही येथूनच. वरच्या बाजूच्या पुणे शहराचे सांडपाणीही वाहत येथेच येते. धरण कितीही मोठे असले तरी ते पाऊस निर्माण करीत नाही. डोंगरातला पाऊस ते फक्त साठवते. म्हणून ठिबक सिंचन, कमी पाण्याची पिके आणि स्वच्छ नदी यांचा विचार टेंभुर्णीइतकाच पुण्यालाही करावा लागेल.

मित्रांनो, पुढच्या वेळी टेंभुर्णीवरून जाल तेव्हा खिडकीतून जरा निरखून पाहा. एकीकडे उसाचे फड दिसतील, तर दूरवर उघडा माळ दिसेल. एक बागाईत, दुसरे जिराईत. दोहोंमधला फरक केवळ पाण्याचा आहे. आणि घरी परतल्यावर आजी-आजोबांना, नाना-नानींना विचारा : आपल्या गावाला पाणी कोठून येते, आणि ते आपल्यापर्यंत यावे म्हणून कोणाला आपले घर सोडावे लागले?