चेनला जळकं ऑइल आणि इतर समजुती

सिल्वासातल्या डोकमर्डीहून आमली, पिपरियाच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या सायकलींच्या चेन पावसाळ्यात बघा. अनेकींवर काळ्या राडीचा थर असतो. मालक मात्र निर्धास्त, कारण त्याने भरपूर तेल घातलेलं असतं. तेही मोटारसायकलचं जळकं ऑइल, फुकटात मिळालेलं. जितकं तेल जास्त तितकी चेन टिकते, हा सगळ्यात मुरलेला गैरसमज. तेल लागतं ते आत, पिन आणि रोलर यांच्यामध्ये. बाहेर ओघळलेलं तेल ट्रकने उडवलेली धूळ धरून ठेवतं आणि तोच लगदा पॉलिश पेपरसारखा लोखंड खातो. चेन रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढा. हे शेवटचं पुसणंच बहुतेक जण टाळतात.

‘चेन ताणली’ म्हणतात तेही खरं नाही. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, सांधे झिजतात. फूटपट्टी लावा: नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदला. १/८ इंचापर्यंत थांबलात, तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते. मग खर्च दुप्पट.

टायर दगडासारखा टणक असला की सायकल पळते, हे गुळगुळीत डांबरावर ठीक. खडीवर तो उसळतो, पकड सुटते आणि तुमची ताकद हादरे खाण्यात जाते. हवा फारच कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरवर छापलेला हवेच्या दाबाचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हवाही तिथे थोडी जास्त.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो? कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं मोठं काम तोच करतो; अंग मागे घेऊन हळूहळू दाबा. सुट्या खडीवर आणि चिखलात मात्र जपून. पावसात खरा धोका वेगळाच आहे: साध्या सायकलची चकचकीत पोलादी रिम भिजली की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके टेकवून रिमवरचं पाणी पुसून घ्यावं.

पंक्चरचं सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावू नका, ते वाळून चिकट होऊ द्या. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. घुसलेली तार तिथेच राहिली, तर पुढच्या चौकात पुन्हा पंक्चर.