विद्येला आश्रय हवा

वाचकहो, लखनौच्या चौकात गेलात, तर तेथील फिरंगी महल अवश्य पाहा. मूळचे हे एका युरोपीय व्यापाऱ्याचे घर. १७ व्या शतकाच्या अखेरीस मुल्ला कुतबुद्दीन यांची हत्या झाली, तेव्हा औरंगजेबाने ते त्यांच्या मुलांना दिले. त्यांपैकी निजामुद्दीन यांनी घडविलेला अभ्यासक्रम पुढे देशभर रूढ झाला. डोक्यावर छप्पर होते, म्हणून विद्या फुलली.

आपल्याकडेही विद्यार्थी वार लावून जेवत व शिकत. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपताच, १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर.

आपली मुलगी वा मुलगा इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकण्यास परदेशी निघेल, तेव्हा प्रवेशपत्राच्या आनंदात एवढे अवश्य विचारा: ही मदत किती वर्षे पुरेल? शुल्क माफ झाले, तरी घरभाडे व जेवणखाण उरतेच. अमेरिकेत पीएच.डी.साठी विद्यापीठे बहुधा अध्यापनाच्या मोबदल्यात निर्वाहवेतन देतात, एम.ए.साठी क्वचितच. मदत मागण्यात कमीपणा नाही. मुदत न विचारण्यात मात्र धोका आहे.